कोपऱ्यावरून दिसणारी रांगोळी

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहते. लोक काय मानतात, कशाला जपतात, यावर तिचा अभ्यास चालू आहे. मध्ये तिने मोबाईल समोर ठेवून माझं बोलणं भरून घेतलं. मी सातवी नापास, यशवंतपूरच्या कारखान्यात हयात गेली. म्हटलं, विचार काय ते. परवा ती पुन्हा आली. माझ्या बोलण्याचा काय अर्थ लावला ते मला वाचून दाखवायचं होतं. तिच्या कामात तशी पद्धतच आहे म्हणे.

वाचलं तिने. 'देव मानत नाही म्हणतात. बायको गेल्यापासून पूजा बंद. तरी रोज दारात रांगोळी काढतात. म्हणजे श्रद्धा आत टिकून आहे.'

"चूक," मी म्हटलं. "खोड ते."

"अहो काका, पण रांगोळी तर तुम्हीच..."

"रांगोळीचा आणि देवाचा काय संबंध? देवाला मी हिच्या आजारपणातच रामराम केला."

इकडे कानडी मुलखात दारात रांगोळी नसली की माणसं समजतात, या घरात कोणीतरी गेलंय. ही गेली तेव्हा तेरा दिवस दार कोरडं होतं. दिवस उरकले, पण रांगोळी रोज हीच काढायची, आता काढणार कोण? फुलवाली समोर थांबायची, उंबऱ्याकडे बघायची आणि हाक न मारता पुढे जायची. ते मला सोसेना. एका सकाळी मीच डबा घेऊन बसलो. शेजारची अक्का हसली, "अण्णा, स्वल्प सरळ काढा! ही रांगोळी की मारतहळ्ळीचा ट्रॅफिक?"

हे ऐकून मुलगी म्हणाली, "ओके, म्हणजे लोक काय म्हणतील म्हणून. सोशल प्रेशर लिहू?"

"लोक गेले खड्ड्यात. दिवस झाल्यावर एकजण फिरकला नाही."

"मग कोणासाठी काढता, काका?"

राग आला, तिचा नव्हे, माझाच. रोज वाकून कंबर मोडतोय आणि कशासाठी ते सांगता येत नाही.

"नसेल सांगायचं तर ते वाक्यच काढते," ती म्हणाली.

तेही नको होतं मला. त्या मुलीच्या सगळ्या लिखाणात हिच्या हातची एवढीच खूण होती. ती खूण पुसायची नाही, आणि तिच्यावर भलता शब्दही बसायला नको.

"उद्या सकाळी दुधाला चल माझ्याबरोबर," म्हटलं.

आली बिचारी, डोळे चोळत. दूध घेऊन परतताना कोपऱ्यावर माझे पाय थांबले. रोजच थांबतात. तिथून आमचं दार दिसतं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "काका, इथून सरळ दिसते."

"हां. आणि आत कोणीतरी आधीच उठलंय असं वाटतं. कुलूप काढेपर्यंत."

तिने मोबाईल काढला आणि विचारलं, "हे लिहू?"

"लिही. पण त्याला श्रद्धाबिद्धा नाव देऊ नको. चल आता, दूध तापवायचंय."