चहात भिजवलेला कागद
आज सकाळी उदबत्ती लावताना काडीने कॅलेंडरचा कोपरा जळला आणि त्या वासासरशी आम्ही आखातात राहायचो तेव्हाचा सनाबिसचा जुना फ्लॅट आठवला. तुमची आई तेव्हा तेरा वर्षांची होती. चार दिवस तिच्या बंद दाराआडून जळका वास येत होता, देवघरातली काडेपेटी नाहीशी झाली होती आणि तिथल्या ऐन जूनच्या उकाड्यात, एसी चालू असताना, तिची खिडकी उघडी असायची. विचारलं की 'नथिंग, आई.' सिगारेटच असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं, आणि ती आंघोळीला गेल्यावर तिचं दप्तर पलंगावर उलटं केलं. काडेपेटी निघालीच, पण तिच्याबरोबर चहात भिजवून तपकिरी केलेला, जुना दिसावा म्हणून कडा जाळलेला एक कागद निघाला. शाळेचा इतिहासाचा प्रोजेक्ट होता तो. अमेरिकेत नवं सरकार उभं राहिलं तेव्हा त्याच्यावर पुरता भरवसा नसलेल्या लोकांनी जे हक्क लिहून घेतले, त्यातला एक तिने सुबक अक्षरात उतरवला होता: सबळ कारणाशिवाय कोणाच्या घराची, कागदांची, सामानाची झडती घेऊ नये. मी वाचत होते तोच ती ओल्या केसांनी दारात उभी. "काय सापडलं?" "मला सांगायचं नाही का?" "सांगितलं असतं तर घरात कागद जाळू दिला असतास?" मी दप्तर भरू लागले. "राहू दे, मी भरते," ती म्हणाली, आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. सुट्टीत तुम्ही आलात की आजी स्वतःच्याच घरात खोलीचं दार वाजवून आत येते म्हणून तुम्ही हसता. तुमची आई मात्र हसत नाही.