प्रिंटरला लागलेली कारळ्याची चटणी

यंत्रातलं मला सगळं कळतं, अशी माझी लग्नापासूनची समजूत आहे. बायकोची नाही.

बारामतीत बचत गटांचं प्रदर्शन होतं आणि माझ्या बायकोनं, वैशालीनं, पहिल्यांदाच तिथं टेबल मिळवलं होतं. निमगाव केतकीच्या आमच्या स्वयंपाकघरात कारळ्याच्या चटणीच्या बरण्या भरून तयार होत्या. लेबलं तेवढी छापायची राहिली होती. बिनलेबलाची बरणी तिथं मांडू देत नाहीत. एसटीला जेमतेम तास उरला आणि प्रिंटरची रंगीत शाई संपली.

"नवं कार्ट्रिज कपाटात हाय," वैशाली म्हणाली. "दाजींना बसवू द्या."

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान; त्या दिवशी आमच्याकडं आले होते. लोणी देवकरला कारखान्यात असतात. तिथं काय करतात हे मी कधी विचारलं नाही, कारण फारसं काही करत असतील असं वाटलंच नाही.

"दाजी, तुमी बसा निवांत," मी म्हणालो. "हे डोक्याचं काम हाय."

मी तेव्हा बरण्यांच्या काठावरची चटणी बोटानं निपटून खात होतो. (वाया कशाला घालवायची?) त्याच हातानं पाकीट फोडलं, कार्ट्रिज चिमटीत धरून सगळ्या बाजूंनी निरखलं आणि बसवलं. स्क्रीनवर आलं: कार्ट्रिज वाचता येत नाही.

"डुप्लिकेट माल," मी निकाल दिला. "बाईमाणूस बघून गंडवलं तुला."

"तुमीच आणलंय ते."

मग मी ते काढून बनियनला पुसलं. बनियन सकाळपासून माझ्याबरोबर चटणीवरच होता. शंका नको म्हणून काळं कार्ट्रिजही काढून पुसलं. आता दोन्ही वाचता येईनात.

"आमच्यात मशीन अडलं की वरनं एक बुक्की घालत्यात," दाजी म्हणाले.

ह्या माणसाला माझी बहीण दिली, याचं मला पुन्हा एकदा वाईट वाटलं. दाजींचं ऐकण्याइतका मी खुळा नाही, असं त्यांना सुनावलं. मग ते चहाचा कप ठेवायला आत गेले तेव्हा बुक्की घातली. कागदाचा ट्रे निखळून खाली पडला.

वैशालीनं ट्रे परत बसवला आणि नवं कार्ट्रिज बाहेर काढलं. त्याच्या अंगावरच्या तांब्याच्या पट्टीवर माझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता, आणि ठशात कारळ्याचा एक दाणा.

"मशीन ह्या पट्टीवरनं वाचतं," ती म्हणाली. "हितं बोट लावायचं न्हाय, कडंला धरायचं. पाकिटावर चित्र काढलंय, न वाचणाऱ्यांसाठी."

तिनं हात धुऊन कोरडे केले, माझ्या चष्म्याच्या फडक्यानं दोन्ही पट्ट्या हलक्या पुसल्या आणि मशीन चालूच ठेवून कार्ट्रिजं 'टक्' वाजेपर्यंत दाबली. प्रिंटर मुकाट्यानं छापायला लागला. लेबलं तिनं एसटीत बसून चिकटवली आणि संध्याकाळी रिकाम्या पिशव्या घेऊन परतली.

पुढच्या प्रदर्शनापासून मलाही ठरलेलं काम मिळालं: बरण्यांची झाकणं लावायची. मी लावलेलं प्रत्येक झाकण ती एकदा फिरवून बघते. आणि ते फिरतं.