टॉवेलात गुंडाळलेली पेटी

आमच्या चिखलीच्या वर्कशॉपला गुरुवारी सुट्टी असते. अशाच एका गुरुवारी ऑफिसचा कॉम्प्युटर अपडेट करायला पन्नाशीचा एक माणूस आला. टॉवेलात गुंडाळलेला स्वतःचा यूपीएस छातीशी धरून तो जिना चढत होता.

"काय राव, बाळ घेऊन आलाय का?" मी म्हणालो. तो नुसता हसला आणि कॉम्प्युटरची वायर त्या पेटीला जोडू लागला.

अपडेट म्हटलं की माझं डोकंच फिरतं. "चालू आहे ना सगळं? मग कशाला हात लावायचा?"

"भाऊ, कुलूप चांगलंच आहे," तो शांतपणे म्हणाला, "पण त्याची चावी चोरांना सापडलीय. नवं कुलूप फुकट आलंय, आपण फक्त बसवायचं."

बटण दाबून त्याने माउस माझ्यापासून लांब सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसला. पडद्यावर 'बंद करू नका' असं आलं, आणि पंखा थांबला. लाइट गेली होती. सगळ्या पार्टची ड्रॉइंग त्याच कॉम्प्युटरमध्ये होती. तो अर्ध्यात बंद पडला असता, तर शुक्रवारी मशीनवर काय लावणार होतो?

पण पडदा उजळलेलाच राहिला. टॉवेलाखाली पेटी टुकटुक वाजत होती आणि तो घाम न पुसता पडद्याकडे बघत होता. अपडेट संपल्यावर त्याने एक ड्रॉइंग उघडून दाखवलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

जाताना ती पेटी मीच खाली नेली. लेकाची चांगलीच जड होती.