पिवळीचा वाटा

पहिला घास मुखी घालण्यापूर्वी त्यात कोणाकोणाचा अंश आहे याचे स्मरण करावे, अशी आपल्याकडे फार जुनी रीत आहे. गृहस्थाने शिजविलेल्या अन्नातून गाईचा, कावळ्याचा, मुंगीचा आणि श्वानाचा भाग आधी काढावा आणि मगच पानावर बसावे. या आचाराला शास्त्रकारांनी संविभाग असे नाव दिले. दान आणि संविभाग यांत अंतर आहे. दान करणाऱ्याला आपण काही दिले असे वाटते. संविभाग करणाऱ्याला ज्याचे त्याला पोचते केले, एवढेच वाटते. आमच्या पांढरपेशा घरांतून हा आचार आता मंत्रापुरता उरला आहे. मी तो मूर्तिमंत पाहिला तो अर्जुना नावाच्या एका अक्षरशत्रू मेंढपाळाच्या ठिकाणी. आणि ज्या गुणामुळे तो मला वंदनीय वाटला, त्याच गुणाच्या वाटेने मृत्यू त्याच्या बिऱ्हाडात शिरला. मनाचे समाधान होईल असा याचा अर्थ मला अद्याप लावता आलेला नाही.

अर्जुना माण तालुक्याच्या पूर्वेकडचा. त्या कोरड्या मुलखातले धनगर दिवाळी सरली की मेंढरे घेऊन पश्चिमेला, कृष्णा-कोयनेच्या अंगाला उतरतात. मलकापूरजवळच्या आमच्या शेतात त्यांचा वाडा दरवर्षी बसे. वाडा म्हणजे त्यांच्या बोलीत फिरत्या बिऱ्हाडांचा मुक्काम. शेताला खत मिळे, त्यांना ज्वारी मिळे. वाड्याचा कारभारी अर्जुनाचा थोरला भाऊ नाथाजी. अर्जुनाच्या बिऱ्हाडात बायको हरणाबाई, मुलगी बायडा आणि पिवळी नावाची कुत्री. पिवळीला मी बिऱ्हाडात मोजतो, कारण अर्जुना मोजत असे.

बिरोबाच्या नावाने बकरा पडला की वाटे घालण्याचे काम अर्जुनाकडे येई. त्याच्या हातच्या वाट्याबद्दल कधी कुरबूर झालेली मी ऐकली नाही. देवाचा, पाहुण्याचा, बाळंतिणीचा, डोळे गेलेल्या म्हाताऱ्याचा असे वाटे पानांवर मांडून झाले की तो उरलेले आतडे, फुफ्फुस आणि माणसांनी खाऊ नये असे काळजाचे तुकडे घेऊन उठे आणि पिवळीपुढे ठेवी. ती खाऊ लागल्यावर मग स्वतः जेवायला बसे. एकदा मी कौतुकाने काही बोललो, तेव्हा त्याला माझ्या कौतुकाचेच नवल वाटले. रात्रभर जिने जागायचे तिने सकाळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावे, हे त्याच्या मते माणसाला शोभत नव्हते.

साठ सालच्या सुमारास त्याला खोकला लागला. थुंकीतून रक्त पडू लागले. तालुक्याच्या दवाखान्यात क्षय ठरला आणि सुया सुरू झाल्या. क्षयी माणसाने कसे राहावे ते त्याला सांगण्यात आले, आणि ते त्याने अक्षरशः पाळले. ताटली वेगळी केली, घोंगडे वाड्याच्या टोकाला नेले, आठ वर्षांच्या बायडाला जवळ येऊ दिले नाही. ती मग पिवळीच्या कुशीला टेकून निजू लागली. मुलीला ऊब मिळते म्हणून त्याला तेवढेच बरे वाटे. वर्ष उलटले तरी सुयांनी उतार पडेना. पुढच्या हंगामात आमच्या बांधावर बसलेला असताना त्याला जबर उबळ आली आणि तोंडावाटे खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे पातळ पापुद्रे पडले. ते पाहून मी घाबरलो आणि त्याला सांगलीकडच्या एका रुग्णालयात, माझे मावसभाऊ डॉक्टर सोवनी यांच्याकडे पाठविले.

सोवनी त्या वेळी एका विचाराने झपाटलेले होते. पूर्वेकडून येणाऱ्या धनगरांत त्यांना एक विचित्र साम्य दिसले होते. कोणाचे यकृत वाढलेले असे, तो शस्त्रवैद्याकडे जाई. कोणाच्या छातीत गाठ दिसे, तो क्षयाच्या विभागात पडून राही. एकीचा डोळा बाहेर आला होता, ती नेत्रवैद्याकडे होती. आणि ज्यांच्या मेंदूत काही होई ते झटके येऊन देवऋष्याच्या अंगणात मरत. प्रत्येक विभाग आपापल्या अवयवापुरते पाही. हे सारे एकाच रोगाचे रुग्ण आहेत, आणि त्यांचे पुढे काय होते हे वर्षानुवर्षे पाहिल्यावाचून निदानाला अर्थ नाही, असे सोवनींचे म्हणणे होते. अर्जुनाचे क्ष-किरण चित्र पाहताच त्यांनी त्याला क्षय नाही असे सांगितले. छाती उघडून पाण्याची पिशवी काढण्यात आली.

अर्जुना शुद्धीवर येऊन बोलू लागला तेव्हा सोवनींनी ती पिशवी पांढऱ्या भांड्यात घालून त्याच्यापुढे आणली. मी खाटेशी उभा होतो. त्याने वाकून पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचे माणूस अनोळखी गावात भेटावे तसा भाव आला.

"ह्ये माज्या छातीतलं? आवं, मेंढराच्या काळजात असतंय ह्ये, पान्याचा फोड."

सोवनींनी विचारले, "तसा फोड मेंढरात निघाला म्हणजे तुम्ही त्याचं काय करता?"

"आमी न्हाई खात. तेवढं कापून कुत्र्याला घालतो. त्येचा वाटाच हाय त्यो."

सोवनी खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी त्याला सावकाश समजावून सांगितले. त्या फोडात डोळ्यांना न दिसणारे कृमिबीज असते. कुत्र्याने तो कच्चा खाल्ला की त्याच्या पोटात त्याचे कृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवताला, केसांना, जिभेला लागतात. गवतातून ती मेंढरात जातात, आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हातातून माणसात. माणसात फोड वर्षानुवर्षे मुक्याने वाढतो. त्यावर औषध नाही. असलाच तर शस्त्राचा उपाय, तोही पिशवी न फुटता निघाली तर. अर्जुनाची छातीतच फुटली होती, म्हणजे तिच्यातले बीज आत सांडून नवे फोड धरणार होते. हे शेवटचे सोवनींनी त्याला सांगितले नाही, मला सांगितले.

अर्जुनाने स्वतःविषयी काही विचारलेच नाही. बायडाच्या अंगात असेल का, एवढेच विचारले.

ते कळण्याचा एक उपाय सोवनींकडे होता. फोडातले पाणी गाळून त्याचा थेंब हाताच्या कातडीत टोचायचा. रोग असला तर तिथे गांध उठते. ते वाड्यावर यायला तयार झाले. वाडा तेव्हा आमच्याच शेतात होता. अर्जुनाने बिऱ्हाडे गोळा केली आणि सर्वांत आधी आपल्या मुलीचा हात पुढे केला. बऱ्याच हातांवर काही उठले नाही. बायडाच्या हातावर रुपयाएवढी लाल गांध उठली. रुग्णालयात नेऊन चित्र काढले तेव्हा यकृताच्या वरच्या अंगाला फोडाची सावली दिसली. पोट उघडावे लागेल, फार लांबवू नये, असे सोवनी म्हणाले.

त्याच आठवड्यात अर्जुनाने वाड्याची बैठक बसविली. त्याने कळकळीने सारे मांडले: फोडाचे मांस जाळू या, खोल पुरू या, निदान खळाखळा उकळून मग कुत्र्यांना घालू या. नाथाजी तंबाखू मळत ऐकत होता.

"आरं, आपल्या बाच्या बाची कुत्री ह्येच खाऊन जगली," तो म्हणाला. "तवा कुनाला न्हाई झालं, आन् आता बरं व्हाया लागलं."

"झालं आसंल. तवा कोन छाती फाडून बघत हुतं?"

"मंग कुत्र्यास्नी घालू काय? तुजा डाक्तर भाकरी धाडनार हाय?"

"धाडंल की," मागून बनाबाई नावाची म्हातारी बोलली. "आन् रातच्याला लांडगं राखाया बी त्योच बसंल, गळ्यात ती नळी घालून."

सगळे हसले. अर्जुनाही हसला, आणि त्या हसण्यातच बैठक मोडली. नाथाजीला मूढ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण अन्याय्य आहे. माणमध्ये जळण मिळत नाही, खडकाळ माळावर खोल खड्डा खणता येत नाही, आणि भाकरी माणसांनाच पुरत नाही. कुत्र्यांना देण्यासारखे त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हतेच.

अर्जुनाने आपल्यापुरते व्रत धरले. हरणाबाईने एक जुने मडके वेगळे काढले. त्यात तो पिवळीचा वाटा उकळी. तिचा वाटा बंद करावा, हे त्याच्या मनात आले नाही. पण कुत्र्याला एकच चूल ठाऊक नसते. पिवळी बाकीच्या बिऱ्हाडांसमोर जाऊन उभी राही, आणि नाथाजी तिला हाक मारून कच्चे आतडे टाकी. "ये गं पिवळे, तुजा मालक कंजूष झालाय." एका माणसाच्या विवेकाने सबंध वाड्याचा रोग अडत नाही, हे अर्जुनाला फार लवकर कळले.

बायडाच्या शस्त्रक्रियेचे ठरले. हरणाबाईने मात्र औंधच्या यमाईला नवस बोलला होता. तिची ओटी भरून मग पोरीला सुरीखाली देईन, असे तिचे म्हणणे होते. अर्जुनाने ते मानले. देवीचा वाटा बुडवून दुसरे काही करणे त्याच्या स्वभावात नव्हते. सोवनी नाराज झाले, पण थांबले. मधल्या दिवसांत पिवळीने बायडाच्या अंगाशी राहू नये, असे त्यांनी बजावले. पोर ऐकेना. तिला दूर ओढले की ती रडे, आणि सकाळी पुन्हा पिवळीच्या पोटाशी सापडे.

शेवटी अर्जुना एका सकाळी पिवळीला ओढ्याकडे घेऊन गेला. आपल्या न्याहारीची भाकरी त्याने तिला खाऊ घातली आणि कुऱ्हाडीच्या एका घावात तिला संपविले. हे त्याने मला पुढच्या हंगामात सांगितले. "तिनं श्यापूट हालवलं," एवढेच म्हणाला.

वाडा तेव्हा कडेगावच्या रानात होता. संध्याकाळी मेंढरे जाळीच्या आत घेताना एका बाजूच्या फटीत पिवळी बसत असे; ती तिथे असली की मेंढे त्या बाजूला वळत नसत. आता त्या फटीत बायडा उभी राहू लागली. औंधला निघायच्या आदल्या संध्याकाळी एक मेंढा उधळला आणि त्याची धडक तिच्या पोटावर बसली. धनगरांची पोरे असल्या धडका खातच वाढतात. पडतात, शिव्या देतात, उठतात. बायडाही उठली. मग तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ निळे झाले आणि श्वास कोंडू लागला. फोड पोटात फुटला होता, आणि फुटलेल्या फोडाचे पाणी शरीराला विषासमान होते. बैलगाडी डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती गेली.

काही दिवसांनी अर्जुना एकटाच रुग्णालयात गेला. सोवनींना वाटले, तो दोष द्यायला आला आहे. त्याने फक्त विचारले, "सायेब, कुत्र्याला वाटा दिला ह्ये पाप झालं, का कुत्रं मारलं ह्ये पाप झालं?"

सोवनी विद्वान होते आणि प्रामाणिक होते. पुढे त्यांनी तोच प्रश्न मला विचारला, आणि माझ्या सगळ्या अध्ययनात मलाही उत्तर सापडले नाही. पाप कोठेच घडलेले नव्हते. तसे घडले असते तर निदान प्रायश्चित्त तरी सांगता आले असते.

त्यानंतर सोवनींचे संशोधन विसकटत गेले. शस्त्रक्रिया झालेल्यांना दरवर्षी पुन्हा पाहायचे, असे त्यांनी योजिले होते. पण दुष्काळाच्या वर्षांत वाडे चाऱ्यामागे कोठच्या कोठे पांगले. बरे वाटलेले आले नाहीत आणि न वाटलेले मेले. एकटा अर्जुना येत राहिला, कधी पायी, कधी एस. टी.ने. येऊन तो सदरा काढून यंत्रापुढे उभा राही. आपल्याला यातून काही मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते. का येतोस, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "त्येंचं काम आडाय नको."

शेवटच्या चित्रात त्याच्या दोन्ही फुफ्फुसांवर गोल सावल्या होत्या, इतक्या की शस्त्राला जागा नव्हती. सोवनींनी त्याला खरे ते सांगितले. त्याने मान हलविली आणि सदरा घातला. सोवनींनी तेवढ्या सामग्रीवर एक निबंध लिहून वैद्यांच्या एका परिषदेत वाचला. काहींनी शंका विचारल्या, काहींनी अभिनंदन केले. रुग्ण फार थोडे आहेत, तेव्हा निष्कर्ष काढता येत नाही, असे अध्यक्षांनी समारोपात सांगितले. आणि ते चुकीचे नव्हते. त्यानंतर कोणी या विषयाला हात घातल्याचे माझ्या कानावर नाही.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात, माणच्या आपल्या वाडीत, अर्जुना खोकत खोकत गेला. त्याच्या हाताखाली वाटे घालायला शिकलेले कोणी नव्हते. ते काम आता नाथाजीच करतो, आणि वाट्यांवरून भांडणे होतात. अर्जुनाची मेंढरे नाथाजीच्या कळपात गेली. हरणाबाई दिराच्या वाड्याबरोबर फिरते. यंदा आमच्या शेतात वाडा बसला तेव्हा ती मला भेटली. तिच्या उजव्या कुशीत दुखते. रुग्णालयात चल म्हणालो, तर ती नको म्हणाली.