पट्टा सरकलेला असताना वाजलेला अलार्म

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, इतका माझा या प्रकारांवर अविश्वास. जबलपूरला सदर भागातल्या एका नर्सिंग होममध्ये बारा वर्षं लेबर रूमची सिस्टर आहे मी. तिथे जे वाजतं त्याला कारण असतं.

आमच्या मॉनिटरचे दोन आवाज. पोटावरचा पट्टा सरकून बाळाचे ठोके मिळेनासे झाले की थांबून थांबून टूं... टूं. ठोके खरंच खाली गेले की कर्कश, न थांबता. पहिला दिवसभर वाजतच असतो, म्हणून आम्हा सगळ्यांना एक वाईट खोड — आधी बटण दाबून आवाज बंद, मग पट्टा नीट.

त्या दुपारी पलंगावर माझी धाकटी जाऊ होती, मनीषा. लग्नाला वर्ष होत नाही तोच तिला दिवस गेले. माझ्या लग्नाला नऊ वर्षं, आणि कूस रिकामी. तिच्या डोहाळेजेवणात मी ओटी भरायला उठले तर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू राहू दे." खरं सांगते, जळत होते मी.

टूं... टूं सुरू झालं. मी आवाज बंद केला. पट्टा मात्र नाही नीट केला. वहीत लिहीत बसले. सगळं हिलाच काय लगेच मिळायला हवं? थांबेल जरा!

आणि दुसरा अलार्म वाजला. कर्कश, न थांबता. मी धावले.

"ताई, काहून धावून राहिल्या?" मनीषा म्हणाली.

"अगं, आवाज येत नाही तुला?"

"कोणता आवाज?"

स्क्रीनवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. मशीनला ठोके मिळतच नव्हते, मग कमी झालेले कळणार कसे? पट्टा जागेवर दाबला... सत्तर. एकशेदहाच्या खाली जायला नकोत. तिला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टर मॅडमना हाक मारली, लगेच ऑपरेशन. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. मुलगी रडली तेव्हा मी भिंतीला टेकून रडले — आणि तेव्हाही मला मनीषाचा हेवा वाटत होता.

मशीनवाल्या भैयांनी सगळी नोंद तपासली. "सिस्टर जी, वो वाला अलार्म तो बजा ही नहीं. आवाज भी बंद है."

भास म्हणावा, तर तो नेमका त्याच क्षणी कसा झाला? मनीषा येईल-जाईल त्याला सांगते, "ताई होत्या म्हणून माझी पोरगी वाचली." पट्टा कुणी तसाच सोडला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.