लोखंड्याच्या डोक्यातला धूर

शामकला हसली की तिचे डोळे आधी मिटायचे, आणि नंदलालशेठच्या राइस मिलमध्ये डोळे मिटून भागत नसे. गोंदियाच्या वेशीवरच्या त्या मिलमध्ये बाया ओळीने बसून सुपात तांदूळ निवडत. काळा दाणा, पिवळा दाणा, खडा, सगळं बाजूला काढायचं. लग्न होऊन बिरसीकडच्या गावात आली त्या वर्षापासून शामकला त्या ओळीत होती, आणि तिच्या शेजारी कुंदाबाई. माहेर-सासरचं सगळं रडगाणं दोघींनी एकमेकींच्या सुपावरच गाऊन घेतलं होतं. संध्याकाळी मान वर होत नसे, पण घरी जाताना कुंदाबाईची सोबत असे.

२००९च्या होळीनंतर शेठ ओळीसमोर उभा राहिला. "रोबोट आ रहा है. अब चावल वही छाँटेगा."

बायांनी सुपं खाली ठेवली. कारण रोबोट काय चीज असते ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत त्यांच्याच गावच्या मंडळाने नाटक केलं होतं. त्यात एक दुष्ट सावकार लोखंड्या नावाचा यंत्रमानव आणतो. तो पोती उचलतो, मजुरांना हाकलतो, बायांवर डोळे वटारतो. शेवटी एक विधवा त्याच्यापुढे तांदूळ-उडीद कालवून ठेवते आणि म्हणते, निवड! लोखंड्या निवडता निवडता चक्रावतो, डोक्यातून धूर निघतो आणि धाडकन कोसळतो. टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला होता. तेलाच्या डब्यांच्या त्या अंगात शामकलाचा नवरा भोजराज होता. डोक्यातल्या उदबत्त्यांचा धूर त्याच्याच नाकातोंडात गेला आणि पुढे आठवडाभर तो खोकत बसला, ही गोष्ट वेगळी.

"मंग आपनबी तसंच करू ना," शामकला म्हणाली. ती चेष्टेत म्हणाली होती. पण कुंदाबाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"उडीद माह्या घरी हाये," कुंदाबाई म्हणाली.

रोबोट ट्रकमधून आला. बाया दारात दाटीवाटीने उभ्या. उतरलं ते काय, तर लोखंडी कपाट! ना डोकं, ना हात. पोटाला एक काच, आणि काचेमागे कॅमेरे. शामकलाने मनातल्या मनात त्याच्यासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. भांडायला समोर तोंड तरी हवं ना!

दुसऱ्या दिवशी मशीन चालवून बघायचं होतं. त्यासाठीची पोती भरायचं काम बायांकडेच आलं. जेवणाच्या सुट्टीत कुंदाबाईने पदराची गाठ सोडली आणि शामकलाने दोन्ही हातांनी उडीद तांदळात कालवले. बऱ्याच दिवसांनी तिला हसू येत होतं.

मशीन सुरू झालं. तांदूळ वरून धो धो पडू लागला आणि आतून फुस्स फुस्स हवेचे फटके बसू लागले. शामकला टक लावून कपाटाच्या माथ्याकडे पाहत राहिली. धूर काही निघाला नाही. एका नळीतून पांढराशुभ्र तांदूळ आला, दुसऱ्या नळीतून उडीद आणि काळे दाणे. ओळीला दुपार गेली असती ते काम चहा निवायच्या आत उरकलं.

शेठला वाटलं, उडीद मशीन बसवायला आलेल्या नागपूरच्या इंजिनीअरने टाकले. इंजिनीअरला वाटलं, शेठने परीक्षा पाहिली. दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली. "क्या बात है! उडीद भी छाँट दिया!" शेठने त्याच दिवशी ओळ उठवली. खरं तर तो आधी एक हंगाम ओळ आणि मशीन दोन्ही चालू ठेवणार होता. हे शामकलाला नंतर कळलं, आणि ते तिच्या काळजाला जे लागलं ते लागलंच.

एक बाई मात्र ठेवायची होती. भुश्शाची धूळ काचेवर बसली की मशीनला दिसत नाही, म्हणून ती पुसायला. शेठने बोट दाखवलं ते शामकलाकडे. कुंदाबाईकडे पाहायची तिची छाती झाली नाही.

तेव्हापासून ती फडकं घेऊन त्या कपाटापाशी उभी असते. बोलायला कोणी नाही. आवाज एवढा की स्वतःशीही बोलता येत नाही. एकदा तिने मुद्दाम काच पुसली नाही. काळे दाणे तांदळात जाऊ लागले. तिला वाटलं, आता शेठ ओळ बोलावील. मशीनने लाल दिवा लावला, आणि मिस्त्री धावत येऊन तिच्यावरच खेकसला, "नींद आ रही है क्या? दूसरी बाई रख लेंगे!" तिने काच पुसली. दिवा विझला.

पुढच्या मंडईत कुंदाबाई भेटली. आता ती मिळेल त्या शेतावर धान कापायला जाते. हातांना विळ्याचे घट्टे पडलेत. जीपवरचा भोंगा पुन्हा लोखंड्याच्या नाटकाची जाहिरात करत फिरत होता. दोघी जिलेबीच्या दुकानाशी उभ्या राहिल्या. 

"काच नाई पुसली, त आपल्याले वापस बोलावतीन का?" कुंदाबाईने विचारलं.

"नाई वं. पुसनारी बदलतीन."

कुंदाबाई भोंग्याची जीप लांब जाईपर्यंत तिकडे पाहत राहिली. मग शामकलाचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "मंग तू थकलीस, त फडकं सोडाच्या पयले मले सांगजो."