बोंदावल्लीचा पिवळा ठिपका

लेआर्को बोंदावल्ली गिऱ्हाइकाच्या घरी जेवत नाही, हे आमच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणालाच आवडत नव्हतं. एन्झा आणि सेक्किया या दोन नद्यांच्या मधल्या गावांत कामाला आलेला माणूस बाराच्या घंटेला टेबलाशी बसला नाही, तर घरची बाई ते मनात ठेवते आणि तिची सूनही ठेवते. लेआर्कोला मात्र सगळे सांभाळून घेत, कारण त्याच्यावाचून कुणाचं चालत नव्हतं. साठ-पासष्ट सालच्या त्या बुटक्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या इथे घरोघर आहेत. बापाने हौसेनं घेतलेली, मुलाने ताडपत्रीखाली जपलेली, आणि वर्षातून चार रविवार बाहेर काढायची. तिच्या कार्बोरेटरला रबराची नळी लावून, दुसरं टोक कानात धरून, कुठला सिलिंडर कुरकुरतोय ते सांगणारा माणूस आता शोधून सापडत नाही. लेआर्को पांढऱ्या व्हॅनमध्ये अवजारं घालून दारोदार जायचा, नळी कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि स्क्रू इतका हलका फिरवायचा की बघणाऱ्याला वाटावं, याने काहीच केलं नाही.

घंटा झाली की तो म्हणायचा, "पोटात व्रण आहे," आणि व्हॅनमध्ये जाऊन, घराकडे पाठ करून, पाव आणि चीज खायचा. बायका हळहळायच्या आणि डब्यात सूप भरून द्यायच्या. व्रण वगैरे काही नव्हता. दगड पचवील असं पोट होतं त्याचं.

त्याची दुसरी सवय म्हणजे ब्रेकच्या नळीचे नट तो तीनतीनदा तपासायचा. काम संपवून निघायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, पाठीवर झोपून गाडीखाली शिरायचा. कार्पिनेती गावातल्या बारमध्ये यावरून त्याची यथेच्छ टिंगल चालायची. "लेआर्को, साखर घातलीस ना कॉफीत? तीनदा बघ बाबा." "याला लग्नात पाद्र्याने विचारलं असेल ना, ही बायको म्हणून कबूल आहे का, तर हा नवरी निघून जाईपर्यंत खात्री करत बसला." तोही हसायचा. बारमधल्या लोकांना ही त्याची सचोटी वाटायची, आणि गाडी द्यावी तर याच्याच हातात, असं ते पाहुण्यांना सांगायचे. ही सचोटी कशाच्या पायावर उभी आहे, ते त्याला एकट्याला माहीत होतं.

त्यासाठी आधी ठिपक्याचं सांगायला हवं. आमच्याकडच्या जुन्या मेकॅनिकांची रीत अशी, की नट पूर्ण आवळला की त्यावर रंगाचा एक ठिपका द्यायचा, अर्धा नटावर आणि अर्धा खालच्या लोखंडावर. नट पुढे कधी हलला, तर ठिपक्याची दोन शकलं बाजूला सरकतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. लेआर्कोचा गुरू एर्मेस लाल वापरायचा, लेआर्को पिवळा. एर्मेसने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ठिपका म्हणजे तुझी सही. आवळायच्या आधी सही केलीस, तर तू खोटारडा." सव्वीस वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या एका उकाड्याच्या दुपारी, लेआर्कोने तेच केलं होतं.

गाडी होती डॉक्टर कोर्रादो मेनोझ्झींची. ते गुरांचे डॉक्टर. दिवसभर गाईंच्या पोटात हात घालायचे आणि संध्याकाळी हात धुऊन त्या लाल गाडीतून घाट उतरायचे. प्रत्येक वळणावर दोनदा हॉर्न. लेआर्को त्यांच्या कोठारात ब्रेकच्या नव्या नळ्या बसवत होता. शेवटचा एक नट उरला होता, तो त्याने नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. रंगाची बाटली उघडी होती आणि उन्हानं रंग घट्ट होत चालला होता. तेवढ्यात डॉक्टरांची बायको ज्युदित्ता हिने तिसरी हाक मारली, "लेआर्को, तोर्तेल्ली गार होताहेत." रंग वाळून जाईल म्हणून त्याने त्या नटावरही ठिपका देऊन टाकला. म्हटलं, जेवून येऊन आवळू.

ते जेवण त्याला आजही घासाघासानं आठवत होतं. पालक भरलेल्या, पिठाच्या चौकोनी तोर्तेल्ली, वर लोणी, डॉक्टरांनी सांगितलेला पाद्र्याच्या गाईचा किस्सा, लाम्ब्रुस्को वाइनचे तीन पेले. त्यानंतर आठवायची ती एकदम व्हॅनचं दार लावतानाची खट्ट. मधला अर्धा तास कोरा. पाना हातात घेतला होता का? की पिवळा ठिपका बघून, हे झालेलं दिसतंय, असं म्हणून पुढे गेला? चौथ्या दिवशी डॉक्टर तिसऱ्या वळणावरून सरळ दरीत गेले. पोलिसांनी लिहिलं, वेग जास्त, रस्त्यावर ओली पानं. आणि रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूण नाही, हेही लिहिलं. लेआर्कोने पेपरात ते शेवटचं वाक्य वाचलं आणि त्या दिवसापासून त्याला कुणाच्या टेबलाशी घास गिळवेना.

मोडकी गाडी ज्युदित्ताने ओढून आणून कोठारात ठेवली. म्हणजे तो नट तिथेच होता. जाऊन बघायचं, दहा मिनिटांचं काम. पण माणूस दहा मिनिटांच्या कामाला सव्वीस वर्षं घाबरू शकतो, आणि लेआर्को घाबरला. तो घाट टाळायला तो वीस किलोमीटरचा वळसा घालायचा. डोळे मिटले की पिवळा ठिपका दिसायचा. मोहरीच्या शेतात दिसायचा, अंड्याच्या बलकात दिसायचा. बहिणीने एकदा स्वयंपाकघर पिवळं रंगवलं, तर तो वर्षभर तिच्याकडे फिरकला नाही. तिला वाटलं, हा रुसला.

मग ऑक्टोबरात ज्युदित्ताचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता, पण तीच हाक.

"लेआर्को, शनिवारी पार्माचा एक माणूस गाडी घेऊन जाणार आहे. सुटे भाग काढायला. ती जायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा."

"बाई, त्यात आता बघण्यासारखं काय राहिलंय?"

"ते तुम्ही सांगायचं. म्हणून तर बोलावतेय."

नाही म्हणता आलं नाही. तिला कळलंय, असंच त्याने धरलं. गुरुवारी सकाळी तो घाट चढला. तिन्ही वळणं त्याने पहिल्या गिअरमध्ये घेतली.

ज्युदित्ता ऐंशीला टेकली होती. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली आणि पीठ मळायला घेतलं. खिडकीतून घाटाचा रस्ता दिसत नव्हता, पण खालून चढणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"तुमचा व्रण कसा आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"आमच्याकडे तर दोनदा वाढून घ्यायचात." ती पीठ दाबत राहिली. "मला सरळ बोलू द्या. ते गेले त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता मलाही लाज वाटेल असं क्षुल्लक. मी त्यांना म्हटलं, जा, आणि परत येऊ नका."

लेआर्कोने कप खाली ठेवला.

"जन्मभर त्या माणसाने माझं एक ऐकलं नाही. दारात बूट काढा म्हटलं, काढले नाहीत. सिगारेट सोडा, सोडली नाही. आणि हे एवढंच ऐकलं असेल, तर..." तिने हातावरचं पीठ झटकलं. "मी इथेच उभी होते. खालचे हॉर्न इथवर ऐकू येतात. पहिल्या वळणावर वाजवला. दुसऱ्यावर वाजवला. तिसऱ्यावर नाही वाजवला. आणि ब्रेकही दाबला नव्हता, तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे."

"सव्वीस वर्षं मी एकच मागतेय, लेआर्को, की गाडीत काहीतरी मोडलेलं निघावं. पाप लागेल असं मागणं आहे. कुणाचा तरी दोष निघेल त्यात. पण तरी मागते. इतकी वर्षं बघून घ्यायची हिंमत झाली नाही. न जाणो, सगळं ठीकच निघालं तर? आता गाडी चालली, आणि मीही फार दिवस नाही. जा, बघून या. मी तोवर लाटते."

लेआर्को कोठारात गेला. त्याने ताडपत्री ओढली. लाल रंग विटून विटकरी झाला होता, नाकाडाची डावी बाजू चेपलेली, आसनात उंदरांनी घर केलेलं. उजवं पुढचं चाक मात्र धड होतं आणि तो नट त्याच्याच मागे होता. लेआर्को पुठ्ठ्यावर पाठ टेकून सरपटत आत गेला. सत्तरीचं शरीर, सांधे ओरडत होते. त्याने चिंधीने धूळ पुसली आणि टॉर्च लावला.

ठिपका फुटलेला होता. अर्धा खालच्या लोखंडावर जागेवर, आणि उरलेला अर्धा नटाबरोबर उजवीकडे सरकलेला, चांगला पाव फेरा. नट आवळताना फिरतो त्या बाजूला. त्याने पाना लावून पाहिलं. नट दगडासारखा घट्ट होता. त्याने पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. संशयाला जागा नव्हती. सही आधी झाली होती हे खरं, पण तीन पेले पिऊनही तो परत आला होता, पाना घेतला होता आणि त्याने नट आवळला होता. ठिपका मोडला होता म्हणूनच ते आज कळत होतं.

गाडीखाली पडल्या पडल्या लेआर्को रडला. मग हसला. त्याच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्याला खरोखरच भूक लागली. त्याने मोठ्यानं म्हटलं, "मी नव्हतो." कोठारात ऐकायला कुणी नव्हतं. एवढं एक वाक्य मिळवायला त्याचा अर्धा जन्म गेला होता.

आणि मग भिंतीपलीकडून लाटण्याचा आवाज आला. टेबलावर लाटणं पुढे जातंय, मागे येतंय, थांबतंय. ती थांबत होती, ऐकत होती, पुन्हा लाटत होती. आता उठायचं, हात पुसायचे, आत जायचं आणि सांगायचं, बाई, ब्रेक शाबूत होते. म्हणजे डॉक्टरांनी तिचं तेवढं एक ऐकलं, असंच सांगायचं, हे लेआर्कोला कळलं.

त्याला डॉक्टरांचा राग आला. असा कसा माणूस, पाद्र्याच्या गाईचे किस्से सांगणारा. मग वाटलं, आपल्याला तरी काय ठाऊक, कदाचित खरंच ओली पानं असतील. पण कदाचितवर म्हातारीचे उरलेले दिवस निघणार नव्हते. ती सव्वीस वर्षं कदाचितवरच जगली होती, आणि तोही.

त्याने गंज सुटायचं तेल नटावर सोडलं. पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर केला. नट करकरला आणि सुटला. लेआर्कोने तो हळूहळू मागे आणला, पाव फेरा, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवावा इतक्या हलक्या हाताने, जोवर ठिपक्याची दोन शकलं एकमेकांना येऊन मिळाली नाहीत. पिवळा ठिपका अखंड झाला. मग त्याने सांडलेलं तेल नीट पुसून घेतलं आणि ज्युदित्ताला हाक मारली.

ती काठी टेकत आली. त्याने तिला वाकवलं, टॉर्च धरला आणि ठिपका दाखवला. ठिपका अखंड असणं म्हणजे तो दिल्यानंतर नट आवळलाच नव्हता, हे समजावून सांगितलं. तिचा हात धरून त्याने तिचं बोट नटावर ठेवलं. नट बोटानं हलला.

"पिवळा रंग माझा, बाई. तुम्ही जेवायला हाक मारलीत आणि मी नट न आवळताच ठिपका देऊन आलो. हाक मारली यात तुमचं काही चुकलं नाही, सगळ्याच मारतात. मी परत येऊन आवळायला हवा होता. घाटात ब्रेकचं तेल गळून गेलं असणार. ब्रेक लागलाच नाही."

"आणि हॉर्न?"

"ब्रेक लागत नसला की माणसाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. हॉर्न कोण वाजवतो?"

ज्युदित्ता गाडीच्या कडेला धरून उभी राहिली. "म्हणजे ते परत येणार होते," ती म्हणाली. "संध्याकाळी आले असते."

"आले असते. बूट न काढता."

ती हसली आणि त्याच दमात रडली. मग तिने लेआर्कोकडे असं पाहिलं की त्याची मान खाली गेली. "सव्वीस वर्षं तुम्हाला हे माहीत होतं. आणि माझं दार टाळत राहिलात. एकदा यायचं होतंत."

"हिंमत नव्हती."

"मी तुम्हाला माफ केलं, असं तोंडानं म्हणता येणार नाही."

"म्हणू नका."

अंगणात घंटेचा आवाज आला. बारा. ज्युदित्ताने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "चला, जेवायला. व्रणाचं मला सांगू नका, आता कळलं मला कसला व्रण तो."

"तुम्ही व्हा पुढे," लेआर्को म्हणाला. "काम संपवून येतो."

ती गेल्यावर त्याने नट आवळला. कुणीही ती गाडी चालवणार नव्हतं, तरी आवळला. ठिपका पुन्हा फुटला. नवा ठिपका त्याने दिला नाही. मग त्याने हात धुतले, टेबलाशी बसला आणि तोर्तेल्ली खाल्ल्या, दोनदा वाढून घेतल्या.

तीन वाजता तो व्हॅन घेऊन उतरायला लागला. ज्युदित्ता खिडकीशी उभी असेल हे त्याला माहीत होतं. पहिल्या वळणावर त्याने दोनदा हॉर्न वाजवला. दुसऱ्यावर दोनदा वाजवला. तिसऱ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, गाडी कडेला थांबवली, आणि वर स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा, दोनदा, हॉर्न वाजवला.